बंद जिनमध्ये स्टुडिओ होईल का?

प्रश्न: नमस्कार दादा, चोपड्याजवळ आमच्या आजोबांच्या वेळची जिनिंग-प्रेसिंग (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना) आहे, बरीच वर्षं बंद पडलीये. विटांचं बांधकाम, वर पत्रे, मशीनी अजून तशाच आहेत. पुतण्या आणि त्याचे मित्र अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ काढतात, ते म्हणतात इथं स्टुडिओ करू. काका लोक म्हणतात पाडा आणि प्लॉट विका. खरंच जमेल का, आणि सुरुवात कुठून करायची?

उत्तर: भाऊ, जमेल. पण आख्ख्या जिनचा स्टुडिओ करायला जाऊ नका, पैसा तिथंच बुडतो. जिन आहे तशी राहू द्या, ती शूटिंगसाठी वापरा, आणि आत एका कोपऱ्यात आवाजासाठी एकच खोली बांधा.

कारण पत्र्याखाली आवाज रेकॉर्ड होत नाही. हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा, किती वेळ घुमते बघा, आणि पावसाळ्यात तर शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून खोलीत खोली: दोन भिंती एकमेकींना न टेकता, मधल्या फटीत रॉकवूल (दगडाच्या तंतूंची गादी), दार जाड आणि कडेला रबर. पोरं अंड्याचे ट्रे चिकटवायला निघतील, त्यांना थांबवा, त्यानं बाहेरचा आवाज अडत नाही आणि ते पेटतात पटकन.

चित्रासाठी मात्र तुमची जिन सोनं आहे. कुलाब्याची मुकेश मिल १९८२ च्या आगीनंतर बंद पडली आणि पुढं कितीतरी हिंदी सिनेमांचं शूटिंग तिथं झालं, ते त्या पडक्या भिंतींसाठीच. लंडनजवळ लीव्हस्डनला विमानांचा कारखाना होता, तिथं आज वॉर्नर ब्रदर्सचा स्टुडिओ आहे, पण तिथले हॉल प्रचंड आणि मोकळे. तुमच्याकडे मधे खांब असतील तर मोठे सेट उभे करता येणार नाहीत, गाणी, मुलाखती, शॉर्टफिल्म आरामात होतील. आणि मशीनी भंगारात देऊ नका हो! अमेरिकेतल्या यादवीत (१८६१-६५) कापसाला भाव आला, मग रेल्वे आली, आणि खानदेशात गावोगावी जिन-प्रेस उभ्या राहिल्या, आता त्यातल्या किती पडल्या ते तुम्हीच बघताय. सरकी काढायच्या डबल रोलर मशीनींची ती रांग, शाफ्ट, पट्ट्याची चाकं, असा सेट मुंबईत कुणी पैसे देऊनही उभा करू शकणार नाही.

पहिलं काम सांगतो, एकही लाइट लावायच्या आधी वर चढून कैच्यांवर (पत्रे पेलणाऱ्या तिरक्या चौकटींवर) हात फिरवा, राखाडी रुईचा थर हाताला लागेल. कापसाची ती धूळ एका ठिणगीनं पेटते, म्हणून ती व्हॅक्यूमनं ओढून काढायची, ब्लोअरनं उडवायची नाही. मग जुनी वायरिंग पूर्ण काढा, तीन फेजचं कनेक्शन आणि किती लोड मंजूर आहे ते वीज कंपनीकडे विचारा. प्रेसचा खड्डा झाका, पोरं कॅमेऱ्यात बघत मागं मागं सरकतात. पत्रे ॲस्बेस्टॉसचे असतील तर फोडू नका, ड्रिल मारू नका, माहितगाराकडूनच काढून घ्या. स्ट्रक्चरल ऑडिट करा, म्हणजे इमारत किती भक्कम आहे ते इंजिनीअरकडून तपासून घ्या. आणि भिंती चुन्यातल्या असतील तर गिलावा चुन्याचाच करा, सिमेंट लावलं की ओल आत अडकते, लोणा (भिंतीवर फुटणारा पांढरा क्षार) धरतो आणि विटा भुगा होऊन गळतात. गवंडी म्हणेल सिमेंटच मजबूत, ऐकू नका.

आता काका. जिनचं आवार मोठं असतं, कापसाच्या गाड्या उभ्या राहायच्या ती मोकळी जागा आहेच ना, रस्त्याकडचे थोडे प्लॉट तिकडे पाडता येतील का ते बघा, इमारत वाचते आणि काकांच्या हातात पैसा पण येतो. मात्र त्याआधी उतारा काढा, जागा मालकीची की भाडेपट्ट्याची, एनए (बिगरशेती) कशासाठी झालीये ते तपासा, वापर बदलायची परवानगी आणि फायरची एनओसी (ना-हरकत दाखला) लागेल. सगळ्या भाऊबंदांच्या सह्या होईपर्यंत खोलीची एक वीटसुद्धा रचू नका.