सांगलीत नर्स आहे. स्तनपान समुपदेशनासाठी नुसता ऑनलाइन कोर्स पुरेल का?

ताई, माझ्या मते नाही. बाळंतिणींच्या वॉर्डात, जाणकाराच्या देखरेखीखाली खऱ्या आईजवळ बसायला मिळेल असंच प्रशिक्षण निवडा. बाळाची पकड तिथंच नजरेत बसते: तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, स्तनाग्राभोवतीचा काळा भाग खालपेक्षा वर जास्त दिसणारा. हातानं दूध काढणं, वाटी-चमच्यानं पाजणं हेही करूनच येतं. आणि आईला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. शक्यतो तिच्याच हातानं करवून घ्यायचं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण घरी गेल्यावर ती एकटीच असते. केंद्र सरकारच्या २०१६ च्या ‘माँ’ या स्तनपान प्रोत्साहन कार्यक्रमात आशा, एएनएम, नर्स यांचं प्रशिक्षण आहे. सिव्हिलमध्ये किंवा जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात चौकशी करा.