फ्यूज मोठा करू नका, वायर वेगळी ओढा

प्रश्न : माझ्याकडे 12 व्होल्टची पिकअप आहे. भूम तालुक्यातल्या पाच गावांचं दूध गोळा करून खव्याच्या भट्ट्यांना घालतो. फॅट मशीन 50 वॉट, प्रिंटर 60, काटा 10 आणि दोन मोबाइल 20-20, हे सगळं लायटरच्या एकाच सॉकेटवर तीन तोंडांचा जोड लावून चालतं. तिथला 10 अँपिअरचा फ्यूज सारखा उडायचा, म्हणून एका वायरिंगवाल्यानं 30 चा टाकून दिला. आता फ्यूज उडत नाही, पण डॅशबोर्डमागून वास येतो. दुसरा म्हणतो, इन्व्हर्टर बसवा. काय करू?

उत्तर : मालक, आधी तो 30 चा फ्यूज काढा. पुढचं नंतर वाचा.

फ्यूज मशीनला जपायला नसतो, वायरला जपायला असतो. तुमचा हिशेब 160 वॉटचा आहे. त्याला 12 नं भागलं की तेरा अँपिअरच्या वर जातं. लायटरची बारीक वायर दहाच्या बेतानं ओढलेली. तिथं 10 चा फ्यूज उडत होता, म्हणजे तो त्याचं काम चोख करत होता. आता फ्यूजच्या जागी वायरच जळायला बसलीय, वास तिचाच.

लायटरला पुन्हा 10 चाच फ्यूज घाला आणि तिथं एक मोबाइल राहू द्या. बाकीच्यांसाठी बॅटरीपासून 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची नवी वायर ओढा आणि तिला 20 चा फ्यूज लावा. हा फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतरातच हवा. हे मी स्वतः पोळून शिकलोय. नव्यानं धंद्यात होतो तेव्हा एका जीपला मी फ्यूज सॉकेटजवळ बसवला, बघायला सोपा पडतो म्हणून. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भोकात वायर घासून उघडी पडली आणि पत्र्याला टेकली. फ्यूज त्याच्याही पुढं, त्याला खबरच नाही! आंबाजोगाईच्या घाटात केबिनभर धूर झाला. बॅटरीचं टोक पान्यानं सोडेपर्यंत माझे हात कापत होते. तेव्हापासून पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाची कड झाकणारी रिंग, घातल्याशिवाय मी वायर पलीकडं नेत नाही.

मधे एक रिले टाका, म्हणजे बारीक वायरच्या इशाऱ्यावर मोठी लाइन चालू-बंद करणारा स्विच. त्याच्या पिनांवर नंबर असतात. 30 नंबरवर बॅटरीची लाइन, 87 वरून सॉकेटकडं. 85 ला अर्थ आणि 86 ला चावी फिरवल्यावरच जिवंत होणारी बारीक वायर. चावी काढली की सगळं बंद. दोन सॉकेट करा आणि प्रत्येकाला 10 चा वेगळा फ्यूज द्या. फॅट मशीन एकावर, प्रिंटर दुसऱ्यावर. अर्थची वायर रंग खरवडून चकचकीत केलेल्या पत्र्यावर, टोकाला लग (धातूची कडी) दाबून, बोल्टनं आवळा. पिळून टेप गुंडाळायचं काम नको. आपल्याकडच्या वैशाखात बॉनेटखाली टेपचा डिंक पाघळतो आणि जोड उघडा पडतो.

सॉकेट झाकणाचं घ्या, आणि तोंड वर करून बसवू नका. दुधाच्या गाडीत सांडलवंड होणारच. आत गेलेलं दूध आंबतं, पितळेवर हिरवा कळंक चढतो, मग मशीन मधेच बंद पडलं की दोष मशीनला.

इन्व्हर्टरचं म्हणाल तर तुमच्या कामाला नको. बाराचे 230 करायचे आणि अडॅप्टरनं पुन्हा बारा, दोन्ही वेळा थोडी वीज उष्णतेत जाते. फॅट मशीन आणि प्रिंटर थेट 12 व्होल्टवर चालणारे असतील तर सरळ तेच द्या. घरच्या विजेचाच अडॅप्टर लागत असेल तरच इन्व्हर्टरचा विचार करा.

आता बॅटरी. गावात इंजिन बंद, पण चावी चालू ठेवून मशीन चालवत असणार. सगळं एकदम चालू ठेवलं तर तीन तासांत चाळीस अँपिअर-तास जातात. साठची बॅटरी त्यानंतर स्टार्टर फिरवेल याचा भरवसा नाही. मोबाइल गाडी चालताना चार्ज करा. व्होल्ट दाखवणारं सॉकेट मिळतं, ते घ्या. इंजिन बंद असताना आकडा 12.2 च्या खाली आला की इंजिन चालू करा. आणि स्टार्टर मारण्याआधी फॅट मशीन बंद करायला विसरू नका. त्या क्षणी व्होल्ट एकदम पडतात आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. शेतकरी बरणी घेऊन समोर उभा असतो, त्याला वाटतं फॅट खाल्ली.

काम झाल्यावर सगळं चालू करून अर्धा तास ठेवा, मग वायर आणि प्रत्येक जोड तळहातानं चाचपा. कोमट लागला तर ठीक. एखाद्या ठिकाणी चटका बसला तर तिथला लग सैल आहे, तो पुन्हा दाबून घ्या.