मैत्रीला तास लागतात

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पुण्याजवळ वाकडला येऊन आठ महिने झाले, पगार वेळेवर होतो, फ्लॅटमध्ये तिघं जण राहता, आणि तरी शुक्रवारी लॅपटॉप मिटला की सोमवारपर्यंत कुणाशी मनापासून बोलणं होत नाही, असं लिहिलंयस. ‘माझ्यातच काहीतरी खोट असावी’ हे वाक्य पत्रात दोनदा आलंय. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

तुझ्यात खोट नाही. परभणीला असताना तू मित्र शोधायला कधी बाहेर पडला नव्हतास. एका बाकावर वर्षभर बसणं, शिकवणीला सायकलवरून एकाच रस्त्याने जाणं, गल्लीतल्या मंडळाच्या मांडवात रात्री जागणं, यांतून ते आपोआप झाले. त्यामागे किती तास गेले हे कुणी मोजलं नाही. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी मात्र ते मोजले. नव्या गावात राहायला गेलेल्या माणसांचा आणि कॉलेजात नव्याने आलेल्या मुलांचा त्यांनी अभ्यास केला. २०१८ साली मांडलेला त्यांचा हिशोब असा : तोंडओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास सोबत घालवावे लागतात, मित्र म्हणण्याजोगं नातं व्हायला ९० च्या आसपास आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. ऑफिसात शेजारी बसून काम करण्याचे तास यात फारसे धरता येत नाहीत, हेही त्यात दिसलं. रोज नऊ तास माणसांत असूनही तुला रितं का वाटतं, त्याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

आता तू काय काय करून पाहिलंस ते बघ. एकदा कळसूबाईचा ट्रेक, एकदा बोर्डगेम्सची संध्याकाळ, एकदा कुठलंसं ओपन माइक. तिन्ही ठिकाणी लोक चांगले भेटले, पण पुढे काही झालं नाही. होणारही नव्हतं. ट्रेकची बस रात्री पुण्याहून निघते, पहाटे पायथ्याच्या बारी गावात पोचते, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत येते. त्यातला निम्मा वेळ डुलक्यांत जातो, आणि पुढच्या ट्रेकला बसमधले चाळीसही चेहरे नवे असतात. तास भरतात, पण दर वेळी वेगळ्या माणसांच्या खात्यात. म्हणून कुठलाही उपक्रम निवडताना तीन गोष्टी तपास. तीच माणसं पुन्हा येतात का? आठवड्याचा वार आणि वेळ ठरलेली आहे का? तिथे हाताला काही काम आहे का? तिसरी गोष्ट लोक सोडून देतात, आणि लाजऱ्या माणसाला नेमकी तीच तारते. सतरंजी उचलायची असली की काय बोलू हा प्रश्न पडत नाही.

चौथी अट माझी आहे : दारातून निघाल्यावर पंचवीस मिनिटांत पोचता आलं पाहिजे. वाकडहून संध्याकाळी सहाला पेठेत जायचं म्हणजे सव्वा तास कुठेच गेला नाही. पहिले दोन आठवडे उत्साहात जाशील, तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागेल आणि संपलं. उपक्रम सुटतो तो बहुतेक वेळा अंतरामुळे, आणि दोष आपण स्वतःच्या स्वभावाला देतो.

या सगळ्या अटींत बसणारी पुण्या-पिंपरीतली सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे ढोल-ताशा पथक. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने वाद्यपूजन होतं आणि सराव सुरू होतो. नावनोंदणी त्याच्या थोडी आधी, म्हणून जूनपासूनच चौकशीला लाग. सराव आठवड्यातले चार-पाच दिवस, संध्याकाळी दोन-अडीच तास. पाच दिवस धरले तर आठवड्याला साडेबारा तास होतात. वाजवताना बोलता येत नाही म्हणून त्यातले निम्मेच धर, तरी आठ आठवड्यांत पन्नास होतात. आठवड्यातून दोन तास भेटणाऱ्या कुठल्याही गटाला तेवढ्यासाठी सहा महिने लागतील.

वाजवता येत नाही ही अडचण नाही, नवख्यांना तिथे शिकवतातच. पहिल्या आठवड्यात टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, धरून बोटांना फोड येतात, तेव्हा आधीच चिकटपट्टी गुंडाळून जा. ढोलाची कड कमरेला घासते, दोरीखाली जाड ओढणी किंवा पट्टा बांध. कानात इअरप्लग हवेतच, यात हयगय नको. आणि एक नीट ध्यानात घे : मैत्री ढोल वाजताना होत नाही, ती सरावाआधी ढोलाची पानं, म्हणजे वाजवायचे पडदे, ताणताना आणि सराव संपल्यावर ढोल उचलून ठेवताना होते. ताणायला दोघं लागतात, एक दोरी ओढतो आणि दुसरा धरून ठेवतो. म्हणून पंधरा मिनिटं लवकर जायचं आणि सगळं आवरेपर्यंत निघायचं नाही. सराव संपताच गाडीला किक मारणारा मुलगा दोन महिन्यांनीही ‘तो आयटीवाला’च राहतो.

पथकाचा धोका वेगळा आहे. अनंत चतुर्दशीला मिरवणूक संपते, दोन दिवस सगळ्यांचे पाय सुजलेले असतात, आणि तिसऱ्या दिवसापासून भेटायला कारणच उरत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो येतात, मग फक्त वाढदिवसाचे केक. जमलेले पन्नास तास इथे वाया जातात. यावर उपाय विसर्जनाच्या आधीच करायचा. ज्या दोघा-तिघांशी सूर जुळलाय त्यांच्याशी पुढचं काहीतरी ठरवून ठेव, तारखेसकट. दिवाळीच्या पुढेमागे राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या असतात, त्यासाठी हौशी संस्थांच्या तालमी चालतात आणि बॅकस्टेजला माणूस कधीच पुरत नाही. सेट लावणं, प्रॉपर्टी म्हणजे नाटकातल्या वस्तू सांभाळणं, प्रॉम्प्टिंग म्हणजे नटांना मागून संवाद सुचवणं. अभिनयाचा गंध नसला तरी चालतो, वेळेवर येणं पुरतं.

संध्याकाळच्या शिफ्टमुळे हे जमणार नसेल तर सकाळ धर. बाणेर-पाषाण टेकडीवर झाडं लावून जगवणारे गट आहेत, तुझ्यापासून जवळ. तिथे वयस्कर मंडळी जास्त असतील म्हणून नाक मुरडू नकोस. साठीच्या काकांशी झालेली ओळख डॉक्टर, भाड्याचं घर, नोकरीतला पेच अशा वेळी उपयोगी पडते, आणि दोन दिवस दिसला नाहीस तर फोन करणारेही तेच असतात.

एक उपक्रम निवड. दोन नकोत. बारा आठवडे सोडायचा नाही. पहिल्या तीन आठवड्यांत कुणी विशेष बोलणार नाही हे धरूनच चाल, कारण जुन्यांनी येऊन गायब होणारे पुष्कळ नवे पाहिलेले असतात. तू चौथ्या आठवड्यात दिसलास की त्यांची वागणूक बदलेल. घरी आल्यावर फोनमध्ये नावं लिहून ठेव, सोबत एखादी खूण : ‘सांगलीचा, बहिणीचं लग्न डिसेंबरात’. पुढच्या वेळी लग्नाची तयारी कुठवर आली हे विचारलंस की अर्धं काम झालं.

आता सगळ्यात अवघड पायरी. गटातली ओळख गटाबाहेर न्यावी लागते, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. ‘भेटू कधीतरी’ म्हणजे न भेटणं. वार, वेळ, जागा आणि संपण्याची वेळ, चारही सांगून विचार : ‘शनिवारी सकाळी साडेसहाला टेकडीवर जातोय, आठपर्यंत परत. येतोस?’ ग्रुपवर टाकू नकोस, एकट्याला विचार. ग्रुपवर प्रत्येकाला वाटतं दुसरा जाईल. नाही म्हणाला तर तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा विचार. दुसऱ्यांदाही नाही आलं आणि त्याने आपणहून दुसरा दिवस सुचवला नाही, तर मनात काही न ठेवता दुसऱ्या कुणाकडे वळ. दहा जणांना विचारलंस तर दोन-तीन येतील, आणि तेवढे पुष्कळ झाले.

विचारताना मन मागे ओढेल. शिकागोचे मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो एकटेपणाला भुकेसारखा शरीराचा इशारा मानत. पण हा इशारा फार दिवस वाजत राहिला की मन सावध होतं, समोरच्याच्या साध्या गप्प बसण्यातही नकार वाचू लागतं, हेही त्यांच्या कामातून पुढे आलं. शिवाय २०१८ मध्ये एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी अनोळखी माणसांच्या गप्पा तपासल्या, तेव्हा बहुतेकांना वाटत होतं त्यापेक्षा समोरच्याला ते जास्त आवडलेले होते. तेव्हा घरी परतताना ‘मी फारच बावळटासारखं बोललो’ असं वाटलं तर त्या मताला फार वजन देऊ नकोस. एकटं पडलेलं मन स्वतःला मुद्दाम कमी गुण देतं. मला तुझ्याबद्दल सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. पत्रात तू फ्लॅटमधल्या दोघांविषयी ‘त्यांना माझ्यात रस नाही’ असं लिहिलंयस, पण त्यांना कधी काही विचारल्याचं मात्र त्यात कुठेच नाही.

त्या दोघांपासूनच सुरुवात कर, याच आठवड्यात. बुधवारी रात्री मुगाची खिचडी लाव. दीड वाटी तांदूळ, पाऊण वाटी डाळ, वर फोडणी, पापड. तिघांना पोटभर होते. आधी सांगून ठेव की साडेनऊला जेवायला बसतोय. हेडफोन लावून आपापल्या खोलीत डबा खाणाऱ्या माणसांना एका ठिकाणी बसवायला एवढंही पुरतं. चार बुधवार कर. पाचव्याला एखादा स्वतःहून कांदा चिरायला आला तर तुझा बुधवार ठरला. नाही आला तर नुकसान काहीच नाही.

रोजच्या लहान ओळखीही फुकट घालवू नकोस. दूध, भाजी, जेवण सगळं ॲपवरून दारात आलं की दिवसभरात तुझा आवाज कुणाच्या कानी पडत नाही. आठवड्यातून चार वेळा चालत खानावळीत जा, एकाच टपरीवर चहा घे, वॉचमनला नावाने हाक मार. कॉफीच्या दुकानात पैसे देताना हसून दोन शब्द बोलणारी माणसं घाईत निघून जाणाऱ्यांपेक्षा जास्त प्रसन्न होऊन बाहेर पडतात, असं कॅनडात सँडस्ट्रॉम आणि डन यांच्या २०१४ च्या प्रयोगात दिसलं. याने मित्र मिळत नाहीत, पण मित्र मिळेपर्यंतचे महिने निभतात. परभणीच्या मित्रांचंही तसंच. ‘वेळ मिळाला की करतो’ सोडून रविवारी रात्री नऊचा फोन ठरवून टाक. मात्र रोज दोन तास त्यांच्याशीच बोलत बसलास तर वाकडमधली संध्याकाळ तिथेच खर्च होईल.

झोप उडाली, जेवण तुटलं, सकाळी उठून कामाला जावंसंच वाटत नाही, असं दोन आठवडे चाललं तर तो निव्वळ एकटेपणा नव्हे, तेव्हा पथकाची वाट पाहू नकोस. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते आणि मराठीत बोलता येतं. जगात दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणा ग्रासतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ मध्ये सांगितलं, आणि त्यात तरुण मोठ्या संख्येने आहेत. फोन करायला लाजण्याचं कारण नाही.

मंगळवारी आणि गुरुवारी रात्री उशिराच्या मीटिंगा असतात, असं तू लिहिलंयस. त्या दोन दिवसांची सूट मिळेल का हे पथकात नाव देतानाच विचार, कारण बऱ्याच ठिकाणी हजेरी बघून मिरवणुकीत वाजवायला घेतात. त्यांनी काय सांगितलं ते मला कळव, म्हणजे संध्याकाळ धरायची की टेकडीची सकाळ ते ठरवू. आणि बुधवारी किती जण जेवायला बसले तेही लिही.