भाडेकरूंचे प्रश्न : पैसे देण्याआधी विचारा

सांगली, मिरज, कुपवाड भागात भाड्याने राहणाऱ्या एकट्या बायका, म्हातारी आणि आजारी माणसे, हातावर पोट असलेली कुटुंबे यांना घराच्या अडचणीत मदत करणे हे माझे काम आहे. विचारणारे वेगळे असतात, पण गोंधळ तोच असतो : करार कशाला, पावती कशाला, आणि ‘बघू नंतर’. म्हणून काही प्रश्नांची उत्तरे इथे एकत्र देते.

प्रश्न (कुपवाड) : ताई, तुम्ही भाड्याने घर मिळवून देता का? फी किती?

फी नाही. घर शोधून देणे हे एजंटाचे काम. तुम्ही आहात ते घर टिकवणे, आणि ते टिकणारच नसेल तर रस्त्यावर न येता दुसरीकडे जाता येईल असे पाहणे, हे माझे काम. त्यासाठी करार वाचून समजावते, थकलेल्या भाड्याचे हप्ते पाडून घ्यायला मालकाशी बोलते, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरायला मदत करते, वकिलाकडे किंवा दवाखान्यात सोबत जाते. निर्णय तुमचाच असतो. मी वकील नाही, त्यामुळे इथे वाचलेल्या उत्तरावर विसंबून पाऊल उचलू नका, आधी आपले कागद वकिलाला दाखवा.

आणि भाडे थकायला लागले की पहिल्याच महिन्यात सांगा. सहा महिने लपवून ठेवल्यावर मालकापुढे बोलायला माझ्याकडे काही उरत नाही.

प्रश्न (मिरज) : बारा वर्षे एकाच घरात भाड्याने राहिले की घर आपल्या नावावर होते म्हणतात. खरे का?

नाही. मालकाच्या परवानगीने राहणारा भाडेकरू कितीही वर्षे राहिला तरी भाडेकरूच असतो.

प्रश्न (विश्रामबाग) : नव्या कायद्याने दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही, असा मेसेज आला आहे. आमचा मालक सहा महिन्यांचे मागतो. तक्रार कुठे करू?

तक्रार करू नका, मेसेज काढून टाका. केंद्राने 2021 मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा त्यात आहे. आपल्याकडे चालतो तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, आणि त्यात ही मर्यादा नाही. असल्या मेसेजच्या जोरावर मालकाशी भांडण काढून चांगले घर गमावणारी माणसे दर वर्षी भेटतात. डिपॉझिट किती असावे हे बोलून ठरवायचे, आणि ते कधी, कोणत्या कपातीनंतर परत मिळेल हे करारात लिहून घ्यायचे.

प्रश्न (गावभाग) : आम्ही चाळीस वर्षे वाड्यात भाड्याने आहोत. यजमान वारले. मालकाची मुले म्हणतात, ‘भाडेकरू काका होते, तुमचा संबंध संपला.’ भाडे घेत नाहीत, नळ बंद केला आहे, आणि वाडा धोकादायक ठरवून पाडणार म्हणतात.

काकू, संबंध संपलेला नाही. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला कायदा भाडेकरू मानतो. फक्त तुमचे भाडे एक दिवसही थकू देऊ नका. मालक हातात घेत नसेल तर दर महिन्याला मनीऑर्डर करा, आणि परत आली तर तो कागद जपून ठेवा. पुढे ‘भाडे दिले नाही’ असा दावा झाला की हाच कागद बोलतो. थकबाकीसाठी दावा करायचा झाला तरी मालकाला आधी लेखी नोटीस देऊन 90 दिवस थांबावे लागते.

पाणी, वीज, संडास अशा गरजेच्या सोयी तोडायला भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 ने मनाई आहे. त्या पुन्हा सुरू करून देण्याचा आदेश न्यायालयाकडून मिळू शकतो. अर्ज लगेच करा. नळ तोडून दोन महिने झाल्यावर येऊ नका.

धोकादायक इमारतीची बाब निराळी. भिंत खरोखर फुगली असेल, वासे कुजले असतील तर हक्कासाठी जीव धोक्यात घालू नका. पण तोंडी धमकीवर घर सोडू नका, महापालिकेची लेखी नोटीस दाखवा म्हणा. बाहेर पडण्याआधी आपल्या खोल्यांचे मोजमाप आणि फोटो घ्या, भाडेकरू म्हणून आपली नोंद लेखी करून घ्या. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितले आहे. ‘नुसती सही करा, नव्या इमारतीत खोली देतो’ असा कागद पुढे आला तर तो वकिलाने वाचल्याशिवाय पेन हातात घेऊ नका.

प्रश्न (संजयनगर) : नवऱ्याच्या अपघाताचे पैसे मिळाले आहेत. एजंट म्हणतो, पाच लाख हेवी डिपॉझिट द्या, दोन वर्षे भाडे नाही, नंतर पूर्ण रक्कम परत. नोटरी करू, नोंदणीत पैसे वाया जातात म्हणे. उद्यापर्यंत सांगायचे आहे, दुसरी पार्टी तयार आहे.

देऊ नका. टोकन म्हणून पाच हजारही देऊ नका. दुसऱ्या पार्टीला जाऊ द्या.

या प्रश्नावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण एखाद्या बाईच्या आयुष्यातली सगळी पुंजी एका सहीत जाते ती इथे. आधी विचार करा, मालकाला पाच लाख एकरकमी का हवेत? पुष्कळदा फ्लॅटवर कर्ज असते आणि हप्ते थकलेले असतात. बँक आणखी देत नाही, म्हणून तो तुमच्याकडून घेतो. म्हणजे तुम्ही त्याला तारणाशिवाय कर्ज देता. हप्ते थकतच गेले तर बँक 2002 च्या सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस देते आणि पुढे घराचा ताबा घेते. ती नोटीस मालकाच्या नावाने येते. तुम्हाला कळते ते दारावर कागद चिकटल्यावर. तुमचे पाच लाख परत करण्याची जबाबदारी बँकेची नाही, मालक फोन उचलत नाही, आणि एजंट ‘माझा काय संबंध’ म्हणून मोकळा होतो.

नोटरीविषयी तर सांगून सांगून थकले. अमुक माणसांनी समोर सही केली एवढेच नोटरी पाहतो. घर कोणाचे, त्यावर बोजा किती, हे तो तपासत नाही. ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ ही समजूत 1908 च्या केंद्रीय नोंदणी कायद्यावरून आली. महाराष्ट्रात 1999 च्या कायद्याचे कलम 55 सांगते की घराचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की पाच वर्षांचा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. खर्च म्हणाल तर मुद्रांक शुल्क 0.25 टक्के, आणि तुमच्या करारात भाडे नसल्याने तेही परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर धरलेल्या व्याजापुरते. शहरात नोंदणी फी 1000 रुपये. तुमच्या कराराचा सरकारी खर्च दोन हजारांच्या आत बसेल. पाच लाख घेणाऱ्याला दोन हजार जड का होतात, हे एजंटाला विचारा.

‘भाडे नाही’ हेही खरे नाही. पाच लाख बँकेत ठेवले आणि सात टक्के व्याज धरले तर वर्षाला 35 हजार, महिन्याला जवळपास 2900 रुपये होतात. तेवढे भाडे तुम्ही दरमहा भरताच आहात, फक्त ते दिसत नाही. तेच व्याज घेऊन लहानशा खोलीचे भाडे भागवले तर मुद्दल तुमच्या नावावर राहते.

इतके सांगूनही घर घ्यायचेच असेल तर मिळकत पत्रिका आणि खरेदीखत पाहा, कर्ज असेल तर बँकेचे लेखी ना-हरकत पत्र मागा, रक्कम मालकाच्याच खात्यात भरा, एजंटाच्या हातात रोख कधीच नाही. आणि त्याआधी विजयनगरला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे हे सगळे कागद दाखवा. बाईला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. फोन 15100. उद्याची मुदत एजंटाने घातली आहे, कायद्याने नाही.

प्रश्न (मिरज) : मला एचआयव्ही आहे हे घरमालकाला कळले. आठ दिवसांत खोली सोडा म्हणतो.

त्या कारणासाठी घर सोडायला लावणे बेकायदा आहे. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने घर भाड्याने देण्यात किंवा राहू देण्यात भेदभाव करायला मनाई केली आहे. तुमच्या संमतीशिवाय ही माहिती दवाखान्यातून बाहेर गेली असेल तर तेही बेकायदा आहे, गंभीरच समजा. मालकाशी एकट्याने वाद घालू नका, गल्लीत बोभाटा होतो आणि त्याचा त्रास तुम्हालाच. एचआयव्हीची औषधे देणाऱ्या एआरटी केंद्रातल्या समुपदेशकाला सांगा, त्याच्यामार्फत विधी सेवेकडे जा. औषधाची वेळ या धावपळीत चुकवू नका.

प्रश्न (सांगली) : नवरा मारतो. घर भाड्याचे, करार त्याच्या नावावर. ‘घर माझे आहे, तू निघ’ म्हणतो.

कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 भाड्याच्या घरालाही लागू आहे. करार कोणाच्याही नावावर असो, तुम्हाला तिथे राहण्याचा हक्क आहे. तिथे राहणे सुरक्षित नसेल तर न्यायालय नवऱ्याला दुसरे घर पाहून द्यायला किंवा त्याचे भाडे भरायला लावू शकते. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला भेटा, 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करा. आज रात्री भीती वाटत असेल तर हक्काचा विचार उद्या करा, आधी 112 लावा आणि मुलांना घेऊन बाहेर पडा.

प्रश्न (दत्तनगर, सांगली) : 2021 च्या पुरात आमचे सगळे सामान गेले, पण पंचनाम्यात मालकाचेच नाव आले. पुन्हा पाणी आले तर काय करू? घर पाण्यात असताना भाडे द्यावे लागते का?

महिनाभर राहता आले नाही म्हणून भाडे आपोआप माफ होत नाही. मालकाशी बोलून सवलत मागा, आणि मिळाली तर चार ओळी लिहून घ्या.

भिंत पडली तर नुकसान मालकाचे. पण भांडी, कपडे, धान्य, शिलाई मशीन यांचे नुकसान तिथे राहणाऱ्या कुटुंबाचे असते. पंचनाम्याच्या वेळी घरातले कोणीतरी हजर राहा आणि आपले नाव लिहून घ्या. ‘तुम्ही इथे राहता कशावरून?’ असे विचारले की भाडेकरू अडतो, कारण करार नाही, पावती नाही, आधारवर गावाकडचा पत्ता. भाडे घेतल्याची पावती देणे मालकाला बंधनकारक आहे, ती दर महिन्याला मागा. पूरग्रस्तालाही मोफत वकील मिळतो.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोक्याची 45. तुम्ही 45 ची वाट पाहू नका. करार, पावत्या, रेशनकार्ड, औषधाची चिठ्ठी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, आणि सगळ्यांचे फोटो काढून पूररेषेबाहेरच्या नातेवाइकाला आजच पाठवा. करार नसेल तर तो पावसाळ्याआधी करून घ्या. मालक तयार नसेल तर मला कळवा, दोघी मिळून त्याच्याशी बोलू.