नाओशिमाला जा, पण बँकेच्या पैशांनी नको

प्रश्न : माझं वय 41, अविवाहित. पुण्यात एका जाहिरात कंपनीत ग्राफिक डिझायनर आहे. हातात 78,000 रुपये येतात. फ्लॅटचा हप्ता 24,500, घरखर्च 28,000, मिरजेला आईकडे 8,000 आणि एसआयपी 10,000. एफडी 3 लाख 60 हजारांची, बचत खात्यात 90 हजार, म्युच्युअल फंडांत 6 लाख 20 हजार. दिवाळीला 70 हजारांच्या आसपास बोनस मिळतो. कॉलेजात होते तेव्हापासून जपानमधलं नाओशिमा हे कलेचं बेट बघायचंय. या नोव्हेंबरात एकटीने जावं म्हणते. टोकियो, क्योतो आणि बेटावर बेनेसे हाउस या म्युझियम-हॉटेलात दोन रात्री, असा 2 लाख 60 हजारांचा अंदाज काढलाय. बँक 14 टक्क्यांनी पर्सनल लोन द्यायला तयार आहे. भाऊ म्हणतो, एकटीवर एवढे पैसे उडवण्यापेक्षा फंडात टाक, वीस वर्षांत पंचवीस लाख होतील. लोन घेऊ, एफडी मोडू की नादच सोडू? (आई 67 वर्षांची आहे, बीपी आहे, तिचा आरोग्य विमा नाही. मला कंपनीचा आहे.) महिन्याला उरतात ते पैसे कुठे जातात, सांगता येत नाही. एफडीला नॉमिनी म्हणून अजून वडिलांचंच नाव आहे, ते जाऊन सहा वर्षं झाली. येन आत्ताच घेऊन ठेवू का? तसं बघितलं तर ही सहल म्हणजे करिअरमधली गुंतवणूकच आहे.

उत्तर : नाद सोडू नका. लोन घेऊ नका. एफडीला हात लावू नका. आणि नोव्हेंबर विसरा, मे महिन्याचं बघा. आता का ते सांगतो.

तुमच्या पत्रातला सगळ्यात महागडा मजकूर कंसात आहे. जपान अडीच लाखांत बसतं. आईला एकदा आयसीयूत ठेवावं लागलं तर किती लागतील, हे आज कुणीच सांगू शकत नाही, आणि ते पैसे तुमच्याकडूनच जाणार. एफडी मोडायची वेळ येईल ती तिथे. म्हणून तिकिटाच्या आधी आईची पॉलिसी. 67व्या वर्षी, बीपी असताना, पाच लाखांच्या कव्हरला 38-40 हजारांचा वार्षिक हप्ता धरून चाला. वय जास्त म्हणून दार बंद, असं आता नाही. 65 वर्षांची अट 2024 मध्ये रद्द झाली. आधीपासूनच्या आजाराचा प्रतीक्षा काळ (त्या आजाराचा खर्च विमा देत नाही तो काळ) जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो, म्हणजे जितकी लवकर सुरुवात तितकं बरं. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही सप्टेंबर 2025 पासून गेलाय. आई 70 पूर्ण झाल्या की आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कव्हर उत्पन्नाची अट न लावता मिळू शकतं, पण मधली तीन वर्षं उघडी ठेवता येणार नाहीत. फॉर्म भरताना बीपीची गोळी लपवू नका. एजंट ‘कशाला लिहिता’ म्हणाला तर एजंट बदला.

आता भावाचा हिशोब. 12 टक्क्यांनी 2 लाख 60 हजारांचे वीस वर्षांत 25 लाख होतात, गणित बरोबर आहे. पण 12 टक्के कुणी लिहून दिलेले नाहीत. शिवाय 6 टक्के महागाई धरली तर त्या पंचवीस लाखांची किंमत आजच्या पावणेआठ लाखांच्या आसपास येते. हे गणित कुणाच्याही नव्या गाडीला लावता येतं, तिथे सहसा कुणी लावत नाही. तुमची एसआयपी चालू आहे, गृहकर्ज वेळेवर फिटतंय, आईला पैसे जातायत. एवढं सांभाळून जे उरतं ते स्वतःवर खर्च केलं म्हणून म्हातारपण उघड्यावर पडत नाही. ‘एकटीवर’ या शब्दाचा माझ्या हिशोबात रकाना नाही.

एक मात्र तुम्हालाही सांगतो. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की ही सहल म्हणजे करिअरमधली गुंतवणूकच आहे. ते काढून टाका. हा हौसेचा खर्च आहे. एकदा खर्चाला गुंतवणूक म्हटलं की त्यासाठी लोनही योग्य वाटायला लागतं. हौसेला मोल नसतं म्हणतात, व्याज मात्र लागतं. अडीच लाख, 14 टक्के, दोन वर्षं : हप्ता 12 हजारांचा, व्याज 38 हजारांच्या वर, प्रोसेसिंग फी वेगळी. तुमचा सगळा खर्च भागून महिन्याला उरतात साडेसात हजार. मग उरलेले साडेचार हजार कुठून आणणार? एसआयपीतून. बँकेच्या ‘फक्त तुमच्यासाठी’ मेसेजमध्ये हा भाग नसतो.

एफडी का नाही? हप्ता, घरखर्च आणि आईचे मिळून तुमचे अटळ खर्च साडेसाठ हजारांचे. सहा महिन्यांचे झाले 3 लाख 63 हजार. म्हणजे तुमची एफडी ही आणीबाणीची गंगाजळी आहे, आणि जेमतेम पुरेल एवढीच आहे. जाहिरात कंपन्यांत एक मोठा क्लायंट गेला की काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता तुमच्या अंदाजपत्रकाकडे येऊ. त्यात मजा आहे, कारण महाग काय आहे तिथे तुमची नजर चुकलीय. तुम्ही पैसे नाओशिमासाठी मोजताय, पण ते जातायत टोकियोला आणि बेनेसे हाउसच्या खोलीला.

नाओशिमा सेतो अंतर्समुद्रात आहे, कागावा प्रांतात, वस्ती तीन हजारांच्या आसपास. उत्तर टोकाला 1917 पासून मित्सुबिशीचा धातू गाळण्याचा कारखाना. 1980 च्या दशकात ओकायामाच्या फुकुताके कुटुंबाने, ज्यांनी काढलेली कंपनी आज बेनेसे म्हणून ओळखली जाते, तिथल्या नगराध्यक्षांशी बोलून बेटाचा दक्षिण भाग विकसित करण्याचा विचार सुरू केला आणि 1992 मध्ये वास्तुकार तादाओ आंदो यांनी बांधलेलं बेनेसे हाउस उघडलं. हे सगळं ओकायामाजवळ आहे. टोकियोहून ओकायामापर्यंत शिंकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, एकेरी भाडं 17 हजार येनच्या पुढे आणि तीन तासांहून जास्त प्रवास. ओसाकाहून साडेसहा हजार येनच्या आसपास आणि पाऊण तास. म्हणून ओसाकाला उतरा, ओसाकाहूनच परता. टोकियो या खेपेला नाही. सगळे जण सांगतात तो सात दिवसांचा जपान रेल पास ऑक्टोबर 2023 मध्येच 50 हजार येनचा झाला. तुमच्या मार्गाला तो वसूल होत नाही, सुटी तिकिटं काढा. ओकायामाहून लोकल गाडीने उनो बंदर, तिथून बोट. वीस मिनिटं, 300 येन. ज्या बेटासाठी दोन लाख साठ हजारांचं कागदावर मांडलंय, तिथे पोचायचं शेवटचं तिकीट 180 रुपयांचं आहे.

बेनेसे हाउसच्या खोल्या एका रात्रीला 40-50 हजार येनपासून पुढे. दोघांनी वाटून घेतलं तर एक वेळ ठीक. एकटीला मात्र अख्ख्या खोलीचा भार पडतो. या उलट बेटावरच्या घरगुती मुक्कामांत, मिन्शुकूंत, भाव माणशी असतो आणि उनो किंवा ओकायामाच्या बिझनेस हॉटेलांत सिंगल खोल्या खरोखरच एका माणसाच्या मापाच्या, आठ-नऊ हजार येनच्या असतात. एकट्या प्रवाशाला जपान आपल्याकडच्यापेक्षा कमी दंड करतं. ग्रुप टूरवाले सिंगल खोलीचे जादा पैसे लावतात, वर टोकियो-फुजी-क्योतो-ओसाका करून परत आणतात. नाओशिमा त्यात सहसा नसतंच. शिवाय पॅकेजवर पहिल्या रुपयापासून टीसीएस (विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर) कापतात. तो विवरणपत्र भरताना परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात. स्वतः बुकिंग केलंत, फॉरेक्स कार्ड भरलंत, तर वर्षाला दहा लाखांच्या आत टीसीएसचा प्रश्न येत नाही.

बघायचं आहे ते महाग नाही. चिचू म्युझियम (तुम्ही कॉलेजात असताना, 2004 मध्ये उघडलं ते) अडीच हजार येनच्या आसपास. जवळजवळ सगळं जमिनीखाली. चित्रकार मोनेची कमळांची चित्रं असलेल्या खोलीत बूट काढून सपाता घालून जायचं, आणि तिथे दिवा नाही, वरून येईल तेवढाच उजेड. ढग आला की चित्र बदलतं. म्हणून चिचूची वेळ घेताना सकाळ-दुपार नीट विचार करून घ्या. तिकीट वेळेनुसार आणि आधी ऑनलाइन काढावं लागतं. होन्मुरा गावातल्या जुन्या घरांचा आर्ट हाउस प्रोजेक्ट 1998 पासूनचा. त्यातल्या कादोया घरात तात्सुओ मियाजिमा यांनी अंधाऱ्या खोलीत पाण्याखाली आकडे मोजणारे छोटे दिवे ठेवलेत. 1 ते 9, पुन्हा 1 ते 9. प्रत्येक दिव्याचा वेग बेटावरच्या 125 माणसांपैकी एकेकाने ठरवलाय. कुणाचा आकडा सरसर पळतो, कुणाचा हलतच नाही. माझ्या धंद्यातल्या माणसाला ते बघून हसू येईल. याच प्रोजेक्टमधल्या मिनामिदेरात कलाकार जेम्स टरेल यांच्या कामासमोर डोळे सरावेपर्यंत काळोखात बसून राहावं लागतं. त्याला घाई चालत नाही, म्हणून बेटावर तीन रात्री ठेवल्यात. होन्मुराजवळ मे 2025 मध्ये आंदो यांचंच आणखी एक नवं म्युझियम उघडलंय. शिल्पकार यायोई कुसामांचा पिवळा भोपळा मात्र फुकट. तो 2021 च्या वादळात समुद्रात गेला होता, 2022 मध्ये धक्क्यावर परत बसवला.

वार सांभाळा. नाओशिमातली बहुतेक म्युझियम सोमवारी बंद, शेजारच्या तेशिमा बेटावरचं मंगळवारी बंद. बुधवारी पोचा, शनिवारी निघा. मे महिन्याचा मधला काळ धरा. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीची गोल्डन वीक (जपानी सुट्ट्यांचा आठवडा) संपलेली असते, पाऊस जूनमध्ये. दर तीन वर्षांनी भरणारा सेतोउची त्रैवार्षिक कलामहोत्सव 2025 मध्ये झाला, पुढचा 2028 मध्ये. मधल्या वर्षी जाण्यात तुमचा फायदाच आहे : गर्दी कमी, खोल्या मिळतात. फक्त बेटांमधल्या बोटी कमी असतात, त्यामुळे वेळापत्रक आधी, खोली नंतर.

माझा हिशोब असा, 100 येनला 60 रुपये धरून. विमान, एक थांबा घेऊन, 55 हजार. व्हिसा, प्रवास विमा, ई-सिम मिळून 6 हजार. नऊ रात्रींचा मुक्काम 47 हजार. गाड्या, बोटी, बस 15 हजार. जेवण 24 हजार. म्युझियम 9 हजार. गाडी चुकली, पाय मुरगळला, एखादं सिरॅमिकचं भांडं आवडलं, यासाठी 19 हजार. एकूण 1 लाख 75 हजार.

पैसे कुठून? बचत खात्यातल्या 90 हजारांतून आईचा 38 हजारांचा हप्ता आजच जाऊ द्या. उरलेल्यातले 30 हजार सहलीला, बाकीचे तिथेच. दर महिन्याचे साडेसात हजार दहा महिने आरडीत : 75 हजार. आता ते कुठे जातात हे तुम्हाला सांगता आलेलं नाही, म्हणून पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आरडी कापली जाऊ द्या. बोनसचे 70 हजार. झाले पावणेदोन लाख, आणि एसआयपी एकदाही थांबली नाही. विमानाचं तिकीट मात्र बोनस खात्यात दिसल्यावरच. बोनस निम्मा आला तर सहल मेऐवजी ऑक्टोबरात. सहलीनंतरचे चार-पाच महिने हेच साडेसात हजार आईच्या पुढच्या हप्त्याला लागतील, तेव्हा आरडी संपली म्हणून मोकळं व्हायचं नाही.

येन आत्ताच घेऊन ठेवू का, असंही विचारलंय. नको. दर कुठे जाईल हे मला कळत असतं तर मी सल्ले देत बसलो नसतो. निम्मे पैसे तिकीट काढताना फॉरेक्स कार्डावर भरा, निम्मे निघताना. साध्या क्रेडिट कार्डावर साडेतीन टक्के मार्कअप (परकी चलनासाठीचा जादा आकार) आणि त्यावर जीएसटी लागला तर 70 हजारांच्या खर्चाला जवळपास 2,900 रुपये जातात. मशीनवर ‘रुपयांत द्यायचे का’ असं आलं की येनच निवडा. थोडी रोकड हवीच, बेटावरची लहान दुकानं कार्डाच्या भरवशावर चालत नाहीत. संध्याकाळनंतर जेवणाची ठिकाणंही मोजकीच उघडी असतात.

एकटीने जाताना दोन कामं इथूनच करून जा. दोन कार्डं, दोन वेगळ्या पिशव्यांत. आणि एफडी, फंड, फ्लॅट यांचे नॉमिनी तपासा. पत्रात तुम्ही एफडीला अजून वडिलांचं नाव असल्याचं लिहिलंय, आणि ते जाऊन सहा वर्षं झाली असंही. त्यासाठी जपानला जायचीही गरज नाही, या शनिवारी बँकेत जाऊन या.

राहता राहिलं बेनेसे हाउस. बोनस 70 हजारांच्या वर आला तर वरच्या रकमेत एक रात्र घ्या, दोन नको. तिथे मुक्काम केलेल्यांना दिवसाचे लोक गेल्यावरही म्युझियम बघता येतं, त्याचे पैसे देण्यात मला गैर वाटत नाही. आधी आईच्या पॉलिसीचा नंबर मात्र मला कळवा.