आजी आणि नात, दोघींना खेळता येईल असं फर्निचर: आधी झोपाळ्याचं बघा

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: हॉल दहा बाय पंधरा, सासूबाई गुडघ्यांनी बेजार, लेक पाच वर्षांची. 'सगळ्यांना मजा येईल असं फर्निचर' म्हटल्यावर इंटिरिअरवाल्याने जिराफाच्या आकाराचं बुकशेल्फ आणि मोटारीचा पलंग दाखवला. दोन्ही रद्द करा. तो पलंग दोन-तीन वर्षांत मुलीलाच नकोसा होईल, आणि सासूबाईंनी जिराफाचं काय करायचं? अशा कामांत माझी कसोटी एकच असते: पाहुणे बसलेले असताना मोठ्या माणसाला ती वस्तू वापरायला संकोच वाटता कामा नये. रंगीबेरंगी सनमायका या कसोटीला सहसा उतरत नाही. हलणारी, सरकणारी, फिरवता येणारी वस्तू बहुतेक वेळा उतरते.

म्हणून आधी झोपाळा. जागा खातो हे मान्य, पण सोफ्याची एक बाजू काढून तिथे लावा. खरी गंमत त्याच्या लांबीत आहे. झोक्याची लय साखळीच्या लांबीवर ठरते, बसणाऱ्याच्या वजनावर नाही. छतापासून सात फूट साखळी असेल तर एक पूर्ण हेलकावा साधारण 2.9 सेकंदांचा, स्टँडवरच्या चार फुटी साखळीचा 2.2 सेकंदांचा. आकड्यात फरक छोटा दिसतो, पण बसून बघा. स्टँडचा झोपाळा घाईघाईत हलतो, छताचा संथ जातो. आणि पाच वर्षांची नात आणि सत्तरीची आजी शेजारी बसल्या तरी दोघींचा ताल एकच राहतो. वाड्यातल्या कडीपाटाला टांगलेले झोपाळे आठवत असतील, तर तो संथपणा तुम्हाला ठाऊकच आहे.

सासूबाईंची अडचण बसताना-उठताना येणार, कारण टेकायला गेलं की फळी मागे पळते. त्यावर उपाय सोपा आहे: मागच्या भिंतीत दोन हूक ठोका आणि फळीच्या मागच्या कड्यांना छोट्या साखळ्या लावा. साखळ्या अडकवल्या की झोपाळ्याचा बाक झाला, सोडल्या की झोपाळा. फळी जमिनीपासून 17-18 इंचांवर ठेवा, त्याहून खाली नको, गुडघ्यांना उठताना त्रास होतो. लेकीसाठी खाली एक चौरंग पुरे. दोन्ही बाजूंना हाताचे कठडे हवेतच, उठताना रेटा द्यायला दुसरं काही नसतं.

झोपाळा टांगायच्या कड्या घेताना खालच्या भागात लांब सळ्या घ्या, जोड शक्यतो वर जाऊ द्या. लहान मुलांची बोटं चेपतात ती साखळीच्या जोडातच. कठड्याच्या किंवा पाठीच्या दांड्यांमध्ये साडेतीन ते नऊ इंचांची फट नको, तेवढ्या फटीत मुलाचं डोकं अडकू शकतं. खेळाच्या मैदानातल्या साहित्यालाही हाच नियम लावतात. फळीच्या कडा सुताराकडून चांगल्या तीन-चार सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) गोल करून घ्या. नुसता पॉलिशपेपर फिरवून भागत नाही.

टांगण्याचं काम मात्र सुतारावर सोडू नका. दोन मोठी माणसं म्हणजे दीडशे किलो धरा. झोका 45 अंशांपर्यंत गेला तर तळाशी ताण जवळपास 1.6 पट होतो. फॉल्स सीलिंगच्या पट्ट्यांना काहीही टांगायचं नाही, हूक थेट आरसीसीत गेला पाहिजे. भोक कुठे पाडायचं, आतली सळई कुठून जाते, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून घ्या. बेअरिंगचे हूक घेतले तर कुरकुर बरीच कमी होते.

जेवणाच्या टेबलाचंही विचारलं आहे. नॉर्वेच्या पीटर ऑप्सविक यांनी 1972 साली 'ट्रिप ट्रॅप' खुर्ची केली. त्यांचा लहान मुलगा टेबलाशी नीट बसू शकत नव्हता, त्यातून ती निघाली. दोन तिरप्या पायांना आतून खाचा, त्यात बैठकीची आणि पायाखालची फळी वर-खाली सरकवायची. मूल मोठ्यांच्या उंचीला येतं आणि पायाला आधार मिळतो. पाय लोंबकळत राहिले की मूल ताटावर टिकत नाही, हे तुम्ही बघतच असाल. पुढे तीच खुर्ची मोठ्यांनाही चालते. नक्कल करायला सांगत नाही, पण तुमच्या खुर्च्यांना सरकती पायफळी बसवणं सुताराला अवघड नाही.

टीपॉयवर अष्टाचल्लस या कवड्यांच्या खेळाचा पंचवीस घरांचा पट वेगळ्या रंगाच्या लाकडात बसवून घ्या, खाली कवड्यांसाठी एक छोटा खण. असे पट आपल्याकडे जुन्या देवळांच्या फरशांवर कोरलेले सापडतात. आजीला बहुधा येतही असेल, मग शिकवण्याची बाजू तिच्याकडे जाते. टीपॉय सोफ्याच्या बैठकीएवढा उंच ठेवा, वाकून खेळायला लागलं तर पाठ तक्रार करेल.

तुम्ही फोटो टाकलेली ती भोवऱ्यासारखी गरगरणारी खुर्ची म्हणजे ब्रिटिश डिझायनर थॉमस हेदरविक यांची 'स्पन'. मला स्वतःला फार आवडते. पण तिच्यात बसायचं म्हणजे तिरकं होऊन खोल शिरायचं, आणि ती बसणाऱ्याला पार मागे नेते. सासूबाईंसाठी बाद. बीनबॅगही त्याच कारणाने नको, बसणं सोपं, उठवायला दोघं लागतात.

हॉलमधल्या बीमचा फोटो आणि जमिनीपासून छताची उंची टाका. बाल्कनीचं दार कुठे उघडतं तेही सांगा, झोपाळ्यापुढे तीन फूट मोकळे राहतात का ते बघून दिशा ठरवू.