गरम झाली की बंद पडणारी ॲम्बेसेडर

प्रश्न : माझी १९८८ची पेट्रोल ॲम्बेसेडर आहे, पॉइंटवाली (पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच). सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते. पण पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाटात चावी फिरवल्यासारखी बंद पडते. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की पुन्हा चालू! प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला, इंजिनवरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकंही टाकून झालं. गॅरेजमध्ये नेली की दोष दिसतच नाही. आता काय बदलू?

उत्तर : सध्या काहीच बदलू नका. पेट्रोल तुटलं तर गाडी आधी आचके देते, ओढत नाही, मग मरते. चावी फिरवल्यासारखी जाते ती करंट गेल्यामुळे. ओल्या फडक्याचा तिथे उपयोग नाही.

दोष बघायचा तो गाडी बंद असलेल्या त्याच पंधरा मिनिटांत. १२ व्होल्टचा ५ वॅटचा टेस्ट लॅम्प गाडीत ठेवा. एक टोक इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला लावा, चावी चालू करा आणि दुसरं टोक कॉइलच्या (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या डब्याच्या) + ला टेकवा. दिवा लागला नाही, तर चावीचा स्विच किंवा तिथून येणारी वायर बघा.

लागला, तर टोक − वर न्या आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. दिवा लुकलुकला पाहिजे. सतत लागून राहिला, तर पॉइंटला अर्थ (इंजिनच्या लोखंडाशी जोडणी) मिळत नाही. डिस्ट्रिब्युटरमध्ये (पॉइंट ज्यात बसतात आणि जो प्रत्येक प्लगला ठिणगी वाटतो, त्या भागात) दोन बारीक लवचीक वायरी असतात : एक पॉइंटकडे जाणारी, दुसरी प्लेटला अर्थ देणारी. व्हॅक्युम ॲडव्हान्स (ठिणगीची वेळ आपोआप पुढे-मागे करणारा भाग) प्लेट फिरवतो तेव्हा त्या प्रत्येक वेळी वाकतात आणि आतली तांब्याची तार तुटते. वरचं कव्हर मात्र शाबूत! चिमट्याने हलकेच ओढा. रबरासारखी ताणली गेली, तर आत तार उरलेली नाही. दिवा अजिबात लागला नाही, तर डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी वायर − वरून सोडवा. आता लागला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. तरीही नाही, तर कॉइल आतून तुटली आहे.

दिवा नीट लुकलुकतोय आणि गाडी मात्र सुरू होत नाही? मग डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधली मधली जाड वायर काढून इन्सुलेटेड पकडीने धरा, टोक इंजिनच्या ब्लॉकपासून ६ मिमीवर ठेवा आणि सेल्फ मारायला सांगा (जवळ पेट्रोल सांडलेलं नाही ना, हे आधी पाहा). निळी, ‘टक्’ आवाज करणारी ठिणगी पडली तर कॉइल ठीक. रोटर (कॅपच्या आत फिरणारा तुकडा) आणि कॅपला तडा गेलाय का बघा. पिवळट, मरतुकडी पडली तर कंडेन्सर (पॉइंटला जोडलेली छोटी डबी) किंवा कॉइल. कंडेन्सर स्वस्त आहे, आधी तोच बदला.

तुमच्या वर्णनावरून आमचा संशय कॉइलवर जास्त आहे. गरम असतानाच तिच्या + आणि − मधला रोध मोजा. मूळ कॉइल ३ ते ३.५ ओहमची. बाजारात १.५ ओहमचीही मिळते, पण ती वेगळा रेझिस्टर असलेल्या गाड्यांसाठी. ती थेट १२ व्होल्टवर लावली, की ४ ऐवजी ८ अँपिअर ओढते : कॉइल भाजते, पॉइंटही जळतात. दिसायला दोन्ही सारख्याच, त्यामुळे ही चूक सर्रास होते.

प्रश्न : पॉइंटचा गॅप किती ठेवावा?

उत्तर : ॲम्बेसेडरला ०.३५ ते ०.४० मिमी, तोही पॉइंटची टाच कॅमच्या (पॉइंट उघडणाऱ्या, फिरणाऱ्या दांड्याच्या) उंचवट्यावर असताना. एका पॉइंटवर बारीक टेंगूळ आलं असेल तर फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) फसवतो, खरा गॅप त्याहून मोठा असतो; असे पॉइंट फेकून द्या. कॅमला ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढंच, जास्तीचं उडून पॉइंटवर बसतं. गॅप बदलला की टायमिंगही बदलतं, ते पुन्हा लावून घ्या.